शोधणाऱ्याचा शब्द

पायसांडूला, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
माझे एलादियो मामा बँडोनियन दुरुस्त करतात.
साइटवर त्यांचं एकच वाक्य होतं:
"थकलेल्या भात्याला मी श्वास परत देतो."
वाक्य सुंदर आहे. पण सबंध उरुग्वेत
रात्री अकराला फोन हातात घेऊन
श्वास शोधणारा माणूस
दमेकरी असतो, मामा.

पानाच्या माथ्यावर नाव होतं: मुखपृष्ठ.
म्हणजे दुकानाला पाटी लावायची
आणि पाटीवर लिहायचं, पाटी.
मी ते खोडलं. लिहिलं:
बँडोनियन दुरुस्ती आणि सूर लावणे, पायसांडू.
यात कविता नाही, मलाही कळतं.
मामांनी येर्बा मातेचा कडू घोट घेतला
आणि बराच वेळ ते माझ्याशी बोलले नाहीत.

मग फोटो. बारा फोटो, एकेक दगडासारखा जड.
फ्राय बेंतोसच्या थांब्यावर एक रेघ रेंज असलेला माणूस
तुमच्या मिशा पूर्ण उमटेपर्यंत
बसमध्ये चढून गेलेला असतो.
फोटो हलके केले. प्रत्येकाखाली, न दिसणाऱ्या जागी,
आत काय आहे ते लिहिलं,
यंत्रासाठी, आणि मर्सेडेसच्या ओदिलोसाठी,
ज्याला दिसत नाही, ज्याचा फोन त्याला वाचून दाखवतो.
"चित्र ४४७१" होतं तिथे आता होतं:
उघडा भाता, एक पत्ती गंजलेली,
शेजारी मामांचा अंगठा, चिंधी बांधलेला.
तिसऱ्या दिवशी ओदिलोचा फोन:
अंगठा बरा आहे ना?

मामेभाऊ विल्मारने पूर्वी एक शहाणपण केलं होतं.
पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत
बँडोनियन बँडोनियन बँडोनियन, चाळीस वेळा.
यंत्राला ते कळलं असावं.
आम्ही सातव्या पानावर होतो,
जिथे वाट चुकलेलेच येतात.
मामा हसले. म्हणाले,
एकच बटण चाळीसदा वाजलं
तर त्याला सुरावट म्हणत नाहीत, बिघाड म्हणतात.
पुसून टाक.

विल्मार म्हणाला, दोनशे दुवे विकत मिळतात.
पण पैसे देऊन आणलेले साक्षीदार
उलटतपासणीत टिकत नाहीत.
पलीकडे, कोलोनला, देल्मिरा साबालेगी मुलांना शिकवतात.
त्यांनी आपल्या शाळेच्या पानावर, न सांगता,
एक ओळ लिहिली: आमची वाद्यं एलादियोकडे जातात.
आपली थोरवी आपण सांगून भागत नाही,
चारचौघांत कुणीतरी नाव काढावं लागतं.

सात आठवडे काही हललं नाही.

मग एका संध्याकाळी मी मामांना यादी वाचून दाखवली,
लोक काय टाइप करून आपल्यापर्यंत येतात ती.
बँडोनियन किंमत. बँडोनियन भाता फाटला.
आणि एक, पहाटे तीन वाजून काही मिनिटांनी:
बाबांचा बँडोनियन पाच वर्षं पेटीत उघडल्यावर एक बटण वाजत नाही काय करू

हे कुणी विचारलं?
माहीत नाही, मामा. नाव नसतं.
कुणाला विचारलं?
कुणालाच नाही. यंत्राला.

त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला.
लिही, म्हणाले.
आधी ओढू नका. खोलीत दोन दिवस नुसता राहू द्या,
त्याला घरच्या हवेची सवय होऊ दे.
वास आला तर घाबरू नका, तो चामड्याचा आहे.
न वाजणारं बटण जोरात दाबू नका.
बहुतेकदा धूळ असते. कधी कधी पत्ती तुटलेली असते.
तुटलेली असेल तरी नवी बसते,
फक्त सूर अगदी तोच लागेल असं मी सांगणार नाही.

दोन तास ते सांगत होते. वर मथळा दिला तोच प्रश्न,
जसाच्या तसा, विरामचिन्हांशिवाय.

ते पान पहिल्या पानावर आलं. तिसरं.
या आठवड्यात पाचवं आहे. मी रोज बघते,
मामा बघत नाहीत.
साल्तोहून बसने एक पेटी आलीय, दोरीने बांधलेली,
चिठ्ठी नाही. त्या पहाटेची ती हीच का,
मी विचारलं नाही.

श्वासाचं वाक्य मी काढलं नाही.
तळाशी ठेवलंय, पत्त्याच्याही खाली.
तिथवर शोधत कुणी येत नाही.
आलेला माणूस
कधी कधी वाचतो.