पोचा

ऑगस्टचा रविवार. एम्स नदीकाठच्या कुरणात
जुनी यंत्रं उभी: मळणीची, बटाटे उकरायची,
एक नुसतंच चाक.
ओन्नो ब्लोलॅम्प धरून बसलाय
करड्या लान्झच्या नाकाशी. नाक तापायला दहा मिनिटं.
मग स्टिअरिंगच उपसतो, बाजूच्या चक्रात खुपसतो,
झोके देतो.
ढुप्प.
ढुप्प. धुराची वेटोळी.

दोरीखालून वाकून तालेआ आत येतात.
ऐंशी उलटलेली, पायात गमबूट.
मागच्या मडगार्डवरून अंगठ्याचं नख फिरवतात,
पुन्हा एकदा फिरवतात.

"इथं मोठा पोचा होता," ओन्नो सांगतो,
"लांबी भरली, घासलं, रंगाचे तीन हात दिले.
आता शोधून सापडायचा नाही."
"नाहीच सापडत," त्या म्हणतात.

एकसष्ट साली हे इंजिन उलटं सुरू झालं होतं.
होतं तसं कधीकधी, आवाजावरून कळत नाही.
त्यांनी पुढचा गिअर टाकला
आणि थेट मागे, गोठ्याच्या दारात.
दुधाचा कॅन खाली ठेवून
हिन्नेर्क हसत सुटला होता.
लग्नाला अकरा दिवस झाले होते.

"बसताय वर?" ओन्नो हात पुढे करतो.
"आधी बघ," त्या म्हणतात,
"कुठल्या बाजूनं फिरतंय."