तीन पूर्णांक चार

रिपोर्टात एकच ओळ कामाची होती:
डावी किडनी, खालचा कप्पा, ३.४ मिमी.
डॉक्टर पिंपळापुरे म्हणाले, "तीळ समजा.
एवढे बहुतेक आपल्या पायांनीच जातात."
त्याला पाय कुठून आले, मी विचारलं.
ते हसले नाहीत, बाहेर सतरा नंबर बसले होते.
"पाणी किती पिता?"

इथे मी खोटं बोलले.

इतवारीत लग्नाच्या साड्यांच्या दुकानात
अकरा वर्षं मी घड्या उलगडते.
संडास तिसऱ्या माळ्यावर,
किल्ली सेठजींच्या गल्ल्यात, सुट्ट्या नाण्यांखाली.
मागायची तर गिऱ्हाइकांदेखत मागायची.
सेठजी वाईट नाहीत. किल्ली देताना
फक्त घड्याळाकडे बघतात.
म्हणून सकाळी अर्धा पेला, डब्यावर दोन घोट,
आणि नवतप्यात, बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला धरत असताना,
सुकल्या ओठांनी, "ताई, ही करवतकाठी बघा."

असाच बनला असेल तो.
कूलरच्या वाळ्यावर बोअरच्या पाण्याचं
उन्हाळा सरता सरता पांढरं धरतं,
तसा. एकेक दुपार आटून.

माया निनावे म्हणाली, "कुळथाचं पाणी पी वं, माया मावशीचा पडला."
बोकडेकाकांनी भिंतीवरून पानफुटीची पानं दिली.
भाच्यानं बीअर सुचवली; त्याला स्वतःलाच हवी होती.
सासूबाईंनी दूध बंद केलं, टमाटर बंद केले,
माझं बोलणं तेवढं चालू ठेवलं.
डॉक्टर म्हणाले, दूध असू द्या.
मीठ कमी, पापड-लोणचं कमी, सावजी रस्सा सणासुदीला.
लिंबू रोज.
थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली
तर त्याच रात्री दवाखाना गाठा,
तेव्हा तिळाला तीळ समजू नका.
आणि रंग पाहत जा.

रंग!
मोतिया, लिंबू, हळदी, शेंदरी, कुसुंबी —
अकरा वर्षं मी लोकींना रंग सांगते,
स्वतःचा कधी पाहिला नव्हता.
पहिल्या सकाळी तो भर हळदीचा निघाला.
"यात ब्लाउजपीस येतं," तोंडात आलंच होतं.

त्या दिवशी सहा वेळा किल्ली मागितली.
सातव्यांदा सेठजींनी ती गल्ल्यात परत टाकलीच नाही,
मोजपट्टीशेजारी ठेवून दिली, घड्याळाकडे न बघता.
आठवड्यानं तिथून माया घेऊन गेली.
मग हिशेबाच्या जैबुनबी, ज्यांना मी
कधी जिना चढताना पाहिलं नव्हतं.
मग कुणीतरी तिला जरीकाठाचा तुकडा बांधला,
हरवू नये म्हणून.

घरी रोज चहाच्या जुन्या गाळणीतून गाळत होते.
एका पहाटे कमरेतून जांघेपर्यंत
कुणी तार ओढली.
गोळी घेतली. भिंतीला डोकं टेकून पंख्याची पाती मोजली,
तीन आहेत हे माहीत असून.
गाळणीत काही नाही.

दिवाळीनंतर पुन्हा पोटावर ते गार जेल.
"दिसत नाही आता."
म्हणजे गेला कुठेतरी, बहुधा तिसऱ्या माळ्यावर,
गाळणी नसताना, लग्नाच्या गर्दीत.
एवढा जीव खाल्ला आणि तोंडही दाखवलं नाही.
मला, खरं सांगते, थोडा रागच आला.
"पुन्हा धरू शकतो," डॉक्टर म्हणाले, "पाणी सोडू नका."

आता पायाशी दोन लिटरची बाटली असते,
चारच्या आत रिकामी करायची.
नवरीची आई पदर उजेडात धरून विचारते,
हा रंग कोणता म्हणायचा?
"मोतिया," मी म्हणते,
आणि मोजपट्टीकडे बघते, किल्ली आहे का.