खवला दाखव

मुहर्रकच्या मासळी बाजारात, मागच्या अंगाला,
जिथे एसीचं पाणी ठिबकतं त्या खांबाशी
माझी फळी. एक नळ, दोन सुऱ्या,
आणि खिळे ठोकलेला लाकडी ठोकळा
ज्याला बारिसालचा मुजिबुल ‘कंगवा’ म्हणतो.
विकणारे वेगळे. आम्ही फक्त सोलणारे.

हामूर आला की डोळ्याआधी हात ओळखतो.
गावात हा गोबरा.
शेपटीकडून डोक्याकडे बोट ने:
मांजराची जीभ.
एक खवला नखावर घे, ट्यूबलाइटसमोर धर,
मागच्या कडेला दात दिसतील, बारीक,
उवांच्या फणीला असतात तसे.

गैनच्या खवल्याला दातबित नाहीत.
गोल, गुळगुळीत, शंभर फिल्सच्या नाण्याएवढा.
सुरी लागली की उडतो
आणि गिऱ्हाइकाच्या चष्म्यावर जाऊन बसतो.
अख्खा मासा निळाहिरवा, खवला मात्र कोरा.
रंग कातडीचा असतो.
हे कळायला मला दोन वर्षं लागली.

साफीचे खवले इतके बारीक की सोलणं नाहीच,
खरवडणं.
आणि तेही काटे आधी छाटून,
नाहीतर रात्रभर हात ठणकतो.

जर्जूर, म्हणजे आपली मोरी.
तिच्या अंगावर खवले नाहीत, दात आहेत.
आत मगज, वर इनॅमल, आपल्या दाढेसारखं,
असं माझी पुतणी शर्वाणी सांगते,
रत्नागिरीला माशांचंच शिकते ती.
डोक्याकडून हात फिरवला तर रेशीम.
उलटा फिरवला तर रक्त.
असा एक मुकादम होता आमचा, पण ते जाऊ दे.

शेंगटीला तर काहीच नाही.
नागडी, बुळबुळीत, मिशा तेवढ्या मोठ्या.
इथे तिला चिम म्हणतात आणि कोणी घेत नाही.
उरली की मुजिबुल नेतो.

दर गुरुवारी उम्म जलील येते.
काठी फळीला टेकवते, चनदकडे बोट दाखवते:
“खवला दाखव.”
त्यांच्यात खवला नसलेला मासा चालत नाही.
कासरगोडचा मोइदू हसतो, “सगळे नेतात, अम्मा.”
ती त्याच्याकडे बघत नाही. माझ्याकडे बघते.

चनद म्हणजे इसवण.
इसवणीचं अंग चिनीमातीच्या बशीसारखं.
आई म्हणायची, इसवण देवानंच सोलून धाडली.
मी बावन्न वर्षांचा, आणि तेच मानत आलेलो.

पण म्हातारी उभीच होती.
मग पाणी बंद केलं. कोरड्या फडक्यानं पुसलं.
सुरी ठेवून दिली.
छातीचा पर उचलून त्याच्या मुळाशी
नखानं उलटं उलटं चाचपत गेलो,
लहान पोराच्या पायातला काटा शोधावा तसं.
काहीतरी अडलं.
कांद्याच्या पापुद्र्याचा कण जणू.
तिच्या तळहातावर ठेवला.

तिनं चष्मा कपाळावर चढवला, हात डोळ्याशी नेला.
बराच वेळ.
मोइदूनं दोन गिऱ्हाइकं केली तेवढ्यात.
मग म्हणाली, “आहे. काप. जाड नको.”

शर्वाणीला खवले हवेत, मायक्रोस्कोपखाली घालायला.
त्यावर रेघा असतात म्हणे, लाकडाच्या खोडासारख्या.
वाढ थांबली की रेघा दाटतात.
“काका, तिथलं पाणी उन्हाळ्यात किती तापतं?”
मी म्हटलं, ऑगस्टात मासा काय,
माणूससुद्धा वाढत नाही.

औषधाच्या पुड्यांत वाळवून ठेवलेत.
वर गावची नावं लिहिलीत: गोबरा, मोरी, बोय.
आचऱ्याचा कोणी सुट्टीवर निघाला की त्याच्या हाती देईन.
इसवणीची पुडी रिकामी आहे.
तो एक खवला उम्म जलील
टिश्यूत गुंडाळून घेऊन गेली.

आईला फोनवर सांगितलं, इसवणीला खवले असतात, मी बघितले.
ती थोडा वेळ गप्प.
मग म्हणाली,
“थंयच्या इसवणीक आसतीत.
आमच्या इसवणीक नाय.”