शेल्याचे वेढे

उलानबातर, यकृताचा बाह्यरुग्ण विभाग,
म्हणजे आता एक टेबल, एक फोन आणि मी.

सोनोग्राफीचं यंत्र नोव्हेंबरातच वर नेलं,
चौथ्या मजल्यावर, फुप्फुसं बघायला.
चाकं कुरकुरली, एवढंच.
जेलची बाटली मात्र इथेच विसरली,
रेडिएटरवर, अजून कोमट.
गार जेल पोटावर पडलं की म्हातारी माणसं दचकतात,
म्हणून ती आमची सवय.

रक्तातले विषाणू मोजायचं मशीनसुद्धा
आता दुसऱ्याच विषाणूच्या मागे, रात्रंदिवस.
त्याला काय, त्याला मोजायला सांगितलंय.

वहीत तीनशे बारा नावं.
प्रत्येकाला फोन करून सांगते : येऊ नका.
ज्या तोंडाने वर्षानुवर्षं बजावलं
दुखत नसलं तरी या,
यकृत बोलत नाही हो, मुकाट सोसतं,
त्याच तोंडाने.

पुरेव्झाव, दुंदगोवी, वय एकसष्ट.
कावीळ बी, आणि तिच्या खांद्यावर बसून आलेली डी.
"हिवाळा सुखात चाललाय ना?"
"सुखात. तुमचा?"
"सुखात. मेंढरं?"
"धडधाकट."
आमच्याकडे याला दुसरं उत्तरच नाही.
निम्मा कळप गारठून मेला तरी आधी सुखात म्हणायचं,
मग हळूच, चहा ओतून झाल्यावर,
बाकीचं.
फोनवर चहा ओतता येत नाही.

डॉक्टर खिशिग्दुलाम वरून निरोप धाडते.
तीन आठवडे तिला फक्त काचेतून पाहिलंय,
पाठीवर मार्करने नाव लिहिलेलं.
विचार : थकवा? डोळे पिवळे? दिवसा झोप, रात्री जाग?
मी विचारते. तो म्हणतो, सुखात.
गोळ्या?
आहेत.
किती?
पुरतील.
पुरतील कशा, मी वहीवर बोट ठेवून मोजते,
नऊ डिसेंबरलाच संपायला हव्यात.
आणि रस्ते बंद. चौकीवर
कागदाशिवाय मेंढीलाही पुढे सोडत नाहीत.

मग मी मुलीला बोलावून घेतलं.
ओदोन्चिमेग, चौदा-पंधराची, आवाजात वारा.
तिला आजाराचं काही विचारलं नाही.
विचारलं,
बाबांच्या कमरेचा तो नारिंगी शेला,
किती वेढे बसायचे त्याचे?
तीन, आणि खोचायला टोक उरायचं.
आणि आता?

गेली असावी बघायला.
कुठेतरी चुलीवर झाकण थडथडत होतं,
एक कुत्रं, आणि त्याचं हसू,
काय मोजतेस गं.

दोन, ती म्हणाली. दुसरा जेमतेम.
मग आवाज खाली घेऊन :
गोळी सुरीने कापतात. रोज अर्धी.
सांगू नको म्हणालेत.

आमच्यात सख्ख्यांना एका काळजाची माणसं म्हणतात,
आणि काळीज म्हणजे इथे खरोखर तेच,
उजव्या बरगडीखालचं, न बोलणारं.
ती पोर फोनवर गप्प होती
आणि मला तिचं गप्प असणं
यंत्राशिवाय दिसत होतं.

कागद मिळायला एकोणीस दिवस लागले.
कुणाचा शिक्का, कुणाची सही,
सही करणाराच विलगीकरणात.
तो आला तेव्हा मी बाटली घेऊन चार जिने चढले,
दोन फुप्फुसांच्या मधली दहा मिनिटं
भीक मागितल्यासारखी मागून घेतली.

जेल पडलं. तो दचकला नाही.
डॉक्टर पडद्याकडे बघत राहिली,
नेहमीपेक्षा जास्त वेळ.
मी पडद्याकडे पाहिलं नाही,
मी शेल्याची घडी घालत होते.
केवढा लांब असतो तो, सुटा झाल्यावर.

"हिवाळा कसा गेला तुमचा?" त्याने छताकडे बघत विचारलं.
सुखात, मी म्हटलं,
आणि घडी चुकली.