गळ्यात माळ

रुवीच्या शाळेचा हॉल शुक्रवारी दोन ते पाच आपला.
आधी एसी बंद करायचा,
त्याच्या घरघरीत शेवटच्या रांगेला वाक्य पोचत नाही.
पाचव्या मिनिटाला पाठीवरून ओघळ सुटतात
आणि कुणाची तरी आई दारातून हातानेच विचारते, लावू का?
मी मान हलवते.
नटाने घामात उभं राहायला शिकावं.

'मॅम' नाही, 'बाई' म्हणा, हा पहिला धडा.
दुसरा, पाय.
संवाद तोंडात नसतो, टाचेत असतो.
चार वर्षं झाली, शर्विल अजून टाचा उचलून बोलतो,
म्हणून त्याचा राजा सतत
कुठल्यातरी बसची वाट बघत असतो.

माझी पहिली संस्था कुवेतची, सालमियातली.
दिवसा औषधांच्या गोदामात खोकी मोजायची,
रात्री पाचव्या मजल्यावर चपला काढून तालीम,
खालच्या मिसरी कुटुंबाची झोपमोड नको म्हणून.
सव्विसाव्या वर्षी लोक मला दिग्दर्शक म्हणू लागले
कारण दुसरं कुणी वेळेवर येत नसे.
नव्वदच्या ऑगस्टात, प्रयोगाला तेवीस दिवस असताना,
रणगाडे आले.
बस, वाळवंट, अम्मान, विमान.
पत्र्याची ट्रंक तिथेच राहिली :
सात दाढ्या, दोन जिरेटोप, एक लाकडी तलवार.
ती उघडणाऱ्याला काय वाटलं असेल,
हे मी अजून अधूनमधून ठरवते.

मग मनामा. अकरा वर्षं, नऊ नाटकं, दोन भांडणं,
त्यातलं एक अजून मिटलेलं नाही.
तिथे प्रत्येक संहिता आधी अरबीत जायची, परवानगीला.
'नवरा घर सोडून जातो' या ओळीखाली
साहेबाने हिरव्या शाईत लिहिलं, कुठे जातो?
इतका नेमका प्रश्न पुढे मला एकाही समीक्षकाने विचारला नाही.
मी तिसरा अंक बदलला.

आणि आता ही मुलं, सुट्टीपुरती मराठी बोलणारी.
यांना ळ येत नव्हता.
'राजाच्या गळ्यात माळ'चं 'राजाच्या गल्यात माल' व्हायचं,
कार्गोतले परुळेकर मागच्या खुर्चीत ठसका लागेपर्यंत हसायचे.
मी जीभ वळवून दाखवली, टाळू दाखवला,
आरसा आणला, चमचा आणला.
माल.

हॉलचा पहारेकरी कुंजुमोन. त्याची रिन्सी
खुर्च्या पुसता पुसता थांबली आणि म्हणाली,
माळ.
लख्ख. सावंतवाडीच्या बाजारात ऐकू यावा तसा.
तिच्या भाषेत ळ आहे, आणि त्याच्याही पलीकडे एक अक्षर आहे
जे मला जमत नाही.
तिने शिकवायचा प्रयत्न केला, मी तोंड वेडंवाकडं केलं,
शर्विल हसला. हसू दे म्हटलं.

त्या दिवसापासून ळ रिन्सीकडे.
मग प्रॉम्प्टिंग, मग पडदा, मग रडणाऱ्या मुलांची समजूत.
तिची मराठी सगळी विंगेतली :
थांब. अगं, उजेडात ये. आता जा, जा, जा.
भाजी कशी मागायची तिला माहीत नाही.

जूनमध्ये माझा व्हिसा संपतो.
मंडळाच्या सभेत विषय निघाला, पुढे तालमी कोण घेणार.
मी नाव सांगितलं.
कुणीतरी खाकरलं, पण ती आपली नाही ना.
तिचा ळ ऐकलाय का तुम्ही, मी विचारलं.
चहा आला. विषय पुढच्या सभेवर गेला.

आज मी शेवटच्या रांगेत बसलेय, हातात काही नाही,
हातांचं काय करायचं ते कळत नाही,
जे मी इतक्या जणांना शिकवलं.
रिन्सी आली, बटणापाशी गेली, एसी बंद केला.
"मॅम, गरम होतंय."
"बाई म्हण," ती म्हणाली
आणि शर्विलच्या टाचांकडे बघत राहिली.