शेजारच्या गाडीची निगा

चावी डोरीनने जॅमच्या बरणीत घालून
आमच्या सामायिक भिंतीवर ठेवली.
बरणीत साबणाचं पाणी, तळाशी चावी,
लोणचं मुरत घालावं तशी.
आणि खिडकीच्या आतून एक पुठ्ठा, मोठ्या अक्षरांत:
दर रविवारी पंधरा मिनिटं.
नाहीतर बॅटरी बसते, असं क्लिफर्ड म्हणतो.

क्लिफर्ड तेव्हा इस्पितळात, नववा दिवस.
स्टॉकपोर्टच्या आमच्या उतरत्या गल्लीत
त्या एप्रिलमध्ये ऊन असं पडायचं
की त्याला कुणी काही कळवलंच नसावं.

मी मान हलवली.
लायसन्स मला मिळालं एक्केचाळिसाव्या वर्षी,
तिसऱ्या खेपेला. पण गाडी धुणं मला येतं.
मिरजेला काकांचा टेम्पो होता,
खंडेनवमीला त्याच्या चाकांतला चिखल
काडीने कोरून काढायचं काम माझं.

तर हातमोजे. जुन्या परकराचा मास्क.
बादली, दोन फडकी, एक ओलं, एक कोरडं.
टपावर चेरीच्या पाकळ्या चिकटलेल्या
आणि कबुतरांची नक्षी. ती आधी भिजवायची,
खरवडली तर रंगच घेऊन निघते.

आत बसले, तर पाय क्लचला पोचेनात.
क्लिफर्ड सहा फूट दोन इंच.
मी पाच फूट, चपलांसकट.
सीट पुढे घ्यायचा दांडा खाली होता,
हात तिथवर गेलाही.
पण शेजाऱ्याच्या घरातल्या खुर्च्या
आपण हलवत नाही.
टोकावर घसरून, स्टिअरिंगला लोंबकळून
किल्ली फिरवली.

इंजिन खोकलं.
(त्या दिवसांत हा शब्द साधा नव्हता.)
मग लागलं, आणि त्याच्यासोबत रेडिओ,
पितळी वाद्यांचा बँड, अर्ध्या सुरापासून.

कप्प्यात पेपरमिंट, वाचायचा चष्मा,
आणि एक वही: पेट्रोल, मैल, टायरची हवा,
२००३पासून, मुंगीएवढ्या अक्षरांत.

मी सगळं पुसलं.
दारांच्या कड्या, गिअरची मूठ, बेल्टची खिटी.
स्टिअरिंग दोनदा.
घड्याळात दहा आणि दोन असतात तिथे
त्याचं कातडं काळं, गुळगुळीत झालं होतं,
तिथे जरा जास्तच जोर लावला.
लख्ख निघालं. खरं सांगते, अभिमान वाटला.

बुधवारी त्यांच्याकडे फोन आला.

शुक्रवारी डोरीन पायरीवर, मी फाटकापाशी.
तिने विचारलं, स्टिअरिंगही पुसलंस?
हो, मी म्हटलं, दोनदा.
बरं केलंस, ती म्हणाली,
माझ्या हातांकडे बघत.
मी घरी येऊन फडकं शोधलं.
ते मी रविवारीच उकळून वाळत घातलं होतं.

चावी परत करायची का, कुणाला विचारणार?
रविवार आला, गेले.
टायर एकाच जागी दबतात,
म्हणून गाडी फूटभर पुढे, फूटभर मागे.
वहीत लिहिलं, सवयीने आपल्याच आकड्यांत:
२६ एप्रिल. मैल शून्य. हवा ठीक.
स्टिअरिंगला तळवे लावले नाहीत.
बोटांच्या टोकांनी वळवलं, गरम तव्यावर
भाकरी उलटतात तसं.

जूनमध्ये नियम सैलावले तेव्हा ती आली.
डावं दार उघडून आपल्या जागेवर बसली,
पट्टाही लावला.
मी इंजिन लावून दिलं आणि बाहेर येऊन
पुढची काच पुसत राहिले, तिच्या बाजूची.
तिच्या शेजारची सीट रिकामी,
मागे सरकवलेली, लांब पायांएवढी.
बँड वाजत होता.
काच खाली करून ती म्हणाली, झाली का पंधरा?
अजून दोन, मी म्हटलं.
थंडीत वीस, असं क्लिफर्ड म्हणायचा.
मी म्हटलं, डोरीन, जून आहे.
ती म्हणाली, असू दे.