आठ मिलिमीटर

लिऑन इचेगोयेननं इंजिन आणलं ते
आजारी कोकरू आणावं तसं, घोंगडीत गुंडाळून.
माझ्या टेबलावर ठेवलं. पाचशे सीसी. टू-स्ट्रोक.
एकच सिलिंडर, पण मडक्याएवढा.
"याला घर हवंय," म्हणाला.
घर बाहेर पिकअपमध्ये होतं:
दोन वर्षांपूर्वीची डर्ट बाइक, अ‍ॅल्युमिनियमची चौकट,
तिचं स्वतःचं फोर-स्ट्रोक इंजिन
भाडं थकवलेल्या भाडेकऱ्यासारखं
आधीच बाहेर काढलेलं.

विनेमकात मी खाणीची रात्रपाळी करते, दिवसा वेल्डिंग.
लोक मोडलेलं आणतात, जोडलेलं नेतात.
ही दोन्ही धड होती. दोन धड गोष्टी
एकमेकींत बसवायच्या तर एक तरी मोडावी लागते,
हे मी त्याला सांगितलं नाही. त्याची लग्नं
दोन झालीत, ठाऊक असणार.

खालचा पाळणा आडवा येत होता, कापला.
कार्ब्युरेटर मागच्या शॉकला कोपर मारायचा, तिरका केला.
एक्झॉस्टचं पोट रेडिएटरला घासायचं,
ते चिरलं, फिरवलं, पुन्हा शिवलं.
आणि स्विंगआर्मचा बोल्ट
इंजिनाच्या मागच्या कानात जाईचना.
आठ मिलिमीटर.
करंगळीच्या नखाएवढं अंतर.
पण साखळीला विचारा. साखळी सरळ रेषेशिवाय
कुणाचंच ऐकत नाही.

प्लेटा मी आधी पुठ्ठ्याच्या कापल्या,
कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यातून,
मग प्लायवुडच्या, मग खऱ्या.
पहिलीवर छापील कोंबड्याचा अर्धा तुरा होता.

अ‍ॅल्युमिनियमचं एक आहे:
ते तापताना लाल होत नाही.
लोखंड लाजतं, केशरी होतं,
हात आवर म्हणतं.
हे गप्प. चंदेरी. गप्प.
मग एका क्षणी पाणी.
लिऑन उलट्या बादलीवर बसून बघायचा.
गुडघ्याबद्दल त्यानं महिनाभर अवाक्षर काढलं नाही.

बापाबद्दल बोलायचा. बाप बास्क मेंढपाळ,
वरच्या डोंगरात ॲस्पेनच्या सालीवर
चाकूनं नाव कोरायचा.
झाड वाढतं तशी अक्षरं रुंदावतात, म्हणाला,
आता वाचायला लांब उभं राहावं लागतं.
इंजिनाच्या पोटावर त्यानं स्वतः
खिळ्यानं ओरखडलंय: ८९.
ते मात्र होतं तेवढंच आहे.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी
एरंडेल मिसळलेलं पेट्रोल भरून
त्यानं किक मारली. एक. दोन.
तिसरीला इंजिनानं उलटी लाथ हाणली,
तो भिंतीवर आदळला.
तेव्हा कुठं पँट वर सरकवली:
आत धातूचा गुडघा, वर लांबलचक टाके.
"माझ्या वेल्डपेक्षा वाईट," मी म्हणाले.
मग मी मारली. माझं वजन पंचावन्न किलो.
इंजिनानं मला मोजलंच नाही.

शेवटी उतार. गुरं अडवायच्या जाळीपासून
खाऱ्या पठारापर्यंत, सेजब्रशमधून मातीचा रस्ता.
तो बसला, दुसरा गिअर, क्लच दाबून,
मी मागचं मडगार्ड ढकलत पळाले, पळाले,
त्यानं क्लच सोडला.

काय सांगू.
आभाळाच्या पत्र्यावर कुणी खडी ओतली.
निळा धूर माझ्या तोंडात, आणि तो
आधी अंगठ्याएवढा, मग मोहरीएवढा,
मग नुसती धूळ.
ऐकत उभी राहिले. थोड्या वेळानं आवाज बदलला,
मग आवाजच नव्हता.

पाऊण तासानं चालत आला, बाइक ढकलत, लंगडत.
खिशातून काढून माझ्या तळव्यावर ठेवली:
पुढची प्लेट. दोन तुकडे.
उलटीपालटी करून पाहिली. शिवण शाबूत होती.
तुटलं होतं तिच्या लगत, केसभर पलीकडे,
जिथं माझा हात पोचला नव्हता,
फक्त आच पोचली होती.

"जाड कर," तो म्हणाला. ओठांवर धूळ,
हात कोपरापर्यंत अजून थरथरत.
"किती?"
त्यानं चिमटीत हवा धरून दाखवली.
चिमूट स्थिर राहीना.
दोन मिलिमीटर, दहा, तीन.
मी मधलं काहीतरी धरलं
आणि खोकं शोधायला लागले.